साठ दिवसांत न उघडलेलं

प्रिय ताई,

दुरुस्तीवाल्यानं डबीतले स्क्रू एकेक करून परत बसवायला घेतले, तेव्हाच मला कळलं की तो आता नाही म्हणणार. तीन स्क्रू त्यानं बसवले. चौथा बोटांत धरून म्हणाला की ही नव्या प्रकारची डिस्क आहे, पुसलेली जागा ती आपणहून कोरी करून टाकते. जुनी, फिरत्या तबकडीची असती तर दोन-चार फायली तरी हाती लागल्या असत्या. मग जरा ओशाळून म्हणाला, "तुम्हीच लिहिलं होतंत ना साहेब, या डिस्कमुळे कॉम्प्युटर पळायला लागतो म्हणून." लिहिलं होतं. आईच्या कॉम्प्युटरला ती डिस्क मीच बसवून दिली होती. हा तिसरा दुरुस्तीवाला. पहिल्या दोघांनीही हेच सांगितलं होतं, फक्त स्क्रू इतके सावकाश बसवले नव्हते.

तू म्हणशील, आईनं जे पुसून टाकलं ते हा आता का उकरून काढतोय. सांगतो. पण क्रमानं सांगू दे. अठरा वर्षं वर्तमानपत्रात कॉम्प्युटरचं सदर लिहून माझी अशी गत झाली आहे की पहिली पायरी, दुसरी पायरी केल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी गाळू नकोस. आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हातानं लिहितो आहे. तिचा कॉम्प्युटर पिशवीत तसाच पायाशी आहे.

टकळी गेल्याला या महिन्यात तीन वर्षं झाली. ते नाव आईनं ठेवलेलं. तुझी अकरा वर्षांची पोर, अंथरुणाला खिळलेली, पण तोंड दिवसभर चालू. त्या शेवटच्या पाच महिन्यांत तिनं तुझ्या फोनवर एक्केचाळीस बातमीपत्रं रेकॉर्ड केली. मला त्यातली तीनच ऐकायला मिळाली, तिनं स्वतः उशीला टेकून ऐकवली तेवढी. आजची ठळक बातमी, आईनं दूध उतू घालवलं. सविस्तर वृत्त गॅसवर. मग हवामान, म्हणजे तिचा ताप. आणि शेवटी "मामाची युक्ती". माझं शुक्रवारचं सदर ती समोर धरून वाचायची, रेडिओवरच्या बाईसारखा आवाज लावून, आणि मध्येमध्ये आपलं घुसडायची. मामा म्हणतो, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. माझ्या आईला चष्मा कुठे ठेवला ते तीन मिनिटं आठवत नाही. खोकल्याची उबळ आली की म्हणायची, घेऊ या एक छोटीशी विश्रांती. तू दारात उभी राहून हसत होतीस. इतकं हसताना मी तुला त्यानंतर पाहिलेलं नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण लिहिलं, आता राहू दे.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी तू त्या सगळ्या फायली आईला पाठवल्यास. मोठ्या होत्या म्हणून सात दिवसांत बंद होणारी लिंक पाठवलीस. आईनं त्या उतरवून घेतल्याचं कळवलं, तशी तू फोन कोरा केलास, लॅपटॉप कोरा केलास. घरात असल्या तर मी दिवसभर ऐकत बसेन आणि मग उठणारच नाही, असं तू म्हणाली होतीस. आईला तू दोन गोष्टी सांगितल्यास. मी मागेन तेव्हाच दे. आणि तोवर कोणी ऐकायच्या नाहीत, हात लावायचा नाही. माझ्याआधी कोणी तो आवाज ऐकलेला मला चालणार नाही. आईनं बरं म्हटलं.

आईचं बरं म्हणजे काय ते आपण दोघंच जाणतो. तीस वर्षं दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खोलीत काढलेली बाई. केसपेपर जागचा हलला तर सहीशिवाय हलायचा नाही. तू हात लावू नकोस म्हणालीस, तिनं लावला नाही. जिथे उतरल्या होत्या त्या डाउनलोडच्या फोल्डरमध्येच त्या राहिल्या. मी एकदा सुचवलं होतं, निदान दुसऱ्या फोल्डरमध्ये नीट ठेवू या. तिनं मला झटकून टाकलं. म्हणाली की ज्याचं सामान आहे त्यानं सांगितलं तर हलवू. आणि ऐकण्याचं म्हणशील, तर आम्ही एकाच घरात राहतो, मला ठाऊक आहे. तिनं एकही फाईल उघडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती त्या फोल्डरमध्ये जायची, एक ते एक्केचाळीस मोजायची आणि बाहेर यायची. नंतर नंतर मोजणंही थांबवलं. तू विचारशील, का? मीही विचारलं. मोजताना बोट चुकून दोनदा दाबलं गेलं आणि सुरू झाली तर, एवढंच म्हणाली.

आता सदराचं. तुला माझी सदरं कधी वाचवली नाहीत, त्यात तुझी चूक नाही. कुठली नवी आवृत्ती आली, कुठलं बटण डावीकडून मध्ये गेलं, कुठल्या अपडेटनं प्रिंटर रुसले, आणि मग दोन युक्त्या. चुकून बंद झालेली खिडकी कशी परत आणायची. एकावेळी चार गोष्टी कॉपी करून हव्या त्या क्रमानं कशा चिकटवायच्या. माझे वाचक निवृत्त मास्तर, दुकानदार, घरी बसून हिशेब-पत्रं करणारी माणसं. त्यांच्यात सर्वात आज्ञाधारक वाचक आमच्याच घरात. शुक्रवारी न्याहारी झाली की आई टेबल पुसून घ्यायची, कॉम्प्युटर लावायची, वर्तमानपत्र शेजारी पसरायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मी सांगितलेलं करायची. मी समोर बसलेला असलो तरी मला विचारायचं नाही. कागदावरून जमलं पाहिजे, ती म्हणायची; बाकीच्या लोकांच्या घरी तू थोडाच जाऊन बसणार आहेस. कुठे अडली तर मला ऐकवायची. तिसऱ्या पायरीनंतर चौथी कुठेय, का ती वाचकांनी स्वप्नात बघायची. तिच्या अशा टोमण्यांमुळे ते सदर इतकी वर्षं टिकलं असं मला वाटतं.

दीड वर्षापूर्वी मी जागेबद्दल लिहिलं. कॉम्प्युटर भरला की तो आपला आपण आवरून घेतो, अशी एक सेटिंग आली होती. जुन्या तात्पुरत्या फायली, कचरापेटी, आणि हवं असेल तर डाउनलोडचं फोल्डरही. किती दिवस न उघडलेल्या फायली काढायच्या ते आपण निवडायचं. मी लिहिलं, साठ दिवस निवडा. साठ दिवसांत जे तुम्ही उघडूनही पाहिलं नाही, ते तुम्हाला नकोच आहे. हे माझंच वाक्य आहे. कात्रण समोर ठेवून लिहितो आहे. त्याच्या पुढे आणखी एक वाक्य होतं. डाउनलोडला ही मुभा देण्याआधी आत काय पडलंय ते एकदा बघा आणि जपायचं असेल ते दुसरीकडे हलवा, कारण या सफाईत गेलेलं कचरापेटीत थांबत नाही. गुरुवारी दुपारी उपसंपादकाचा फोन आला की पानावर जाहिरात वाढली आहे, चाळीस शब्द कापा. लेखात एक विनोदही होता. आमच्या मातोश्री रिकाम्या बरण्यासुद्धा टाकत नाहीत, त्यांच्या कॉम्प्युटरची काय कथा, असा. मी विनोद ठेवला आणि ते वाक्य कापलं. कापताना मला काहीही वाटलं नाही. घाईत होतो असंही नाही.

शुक्रवारी आईनं तो विनोद वाचला. मला म्हणाली की बघ, आता तुझ्या मातोश्री काय काय टाकतात ते. आणि बोट ठेवून पाचही पायऱ्या केल्या. मी चहा पीत समोर बसलो होतो. छान जमलं म्हणालो.

चार महिन्यांपूर्वी तुझा फोन आला तो दिवस तुझ्या बाजूनं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचा असा. तू म्हणालीस, आता धीर झालाय, पाठव. आईनं थांब म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. फोल्डरमध्ये औषधाच्या दुकानाची एक पावती होती, आदल्या आठवड्यातली. बाकी काही नाही. तिनं मला हाक मारली. मी सेटिंगच्या पानावर गेलो, चालू असलेलं ते बटण पाहिलं, त्याखाली साठ दिवस असं लिहिलेलं पाहिलं, आणि मला एका मिनिटात सगळं कळलं. तिलाही माझ्या तोंडाकडे पाहून कळलं. तू मागेपर्यंत तिनं तो आवाज ऐकला नाही, तुझ्या शब्दाला ती जागली, आणि ती जागली म्हणूनच यंत्रानं ते नको असलेलं धरलं. एक फाईल जरी ती अधूनमधून चोरून ऐकत राहिली असती तर ती एक आज असती. मी अजून तुला काय आणि कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तिनं फोन उचलला आणि मी पुसल्या म्हणून सांगितलं. मुद्दाम पुसल्या, दोन वर्षांपूर्वीच. तू त्यातच अडकून पडली असतीस म्हणून. तिचा आवाज जराही हलला नाही.

तू विश्वास ठेवलास यात नवल नाही. टकळीचे कपडे तिनं महिन्याच्या आत देऊन टाकले होते, तुला न विचारता. तुझ्या मनात ते होतंच. तू काय बोललीस ते मी ऐकलं, फोन स्पीकरवर होता. पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणालीस. आईनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग फोन पालथा ठेवला.

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिला म्हणालो की आत्ताच्या आत्ता ताईला फोन लावतो. "तिला चिडायला कोणीतरी लागणारच आहे," ती म्हणाली. "माझ्यावर चिडली तर तो राग माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावर चिडली, तर मी गेल्यावर तुम्ही दोघं कुणाकडे जाणार?" मी फोन खाली ठेवला. आईनं माझ्यावर पांघरूण घातलं हे खरं. पण ते मला सोयीचं होतं हे त्याहून खरं. मी चार महिने मूग गिळून बसलो ते तिच्या शब्दासाठी नाही. तू माझ्याशी बोलत होतीस. आईबद्दल वाटेल ते बोलायचीस आणि मी हं हं करत ऐकायचो. एकदा तर म्हणालो, तिचं वय झालंय, सोडून दे. ते वाक्य मला रोज आठवतं.

तेव्हापासून आईचा कॉम्प्युटर मी बंद ठेवला होता. चालू राहिला तर उरलंसुरलंही जाईल म्हणून. तिचे शुक्रवार रिकामे झाले. सदर मात्र चालूच आहे. जुन्या आवृत्तीला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, त्याबद्दल तीन आठवडे लिहितो आहे. कोणाचं यंत्र नवी आवृत्ती पेलेल, कोणाला बदलावं लागेल. वाचकांची पत्रं येतात. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं आहे, पंधरा वर्षं सवय झालेली गोष्ट अशी एका तारखेला कशी बंद करतात. काय उत्तर देऊ. या शुक्रवारच्या मजकुरात मी ते कापलेलं वाक्य घातलं आहे, चूक झाली होती असं म्हणून, आणि ते पहिल्याच ओळीत आहे, म्हणजे जाहिरात वाढली तरी शेपटीकडून कापतील. तुझ्या कॉम्प्युटरवरही बघ. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे आपोआप सफाईचं बटण असेल. चालू असलं तर डाउनलोडसमोर "कधीच नाही" निवड. हे आत्ता, पत्र बाजूला ठेवून केलंस तरी चालेल.

आणि मी हे का लिहितो आहे ते. गेल्या गुरुवारी जेवणं झाल्यावर आई ताटं पुसत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "पोरीचा आवाज मी का पुसला रे?" मला वाटलं, तेच नाटक चालू आहे. म्हणालो, इथे आपण दोघंच आहोत, आता कशाला. तिला काही उलगडा होईना. मग तुला जे कारण सांगितलं होतं तेच तिनं हळूहळू म्हणून पाहिलं, अडकून पडली असती म्हणून, आणि मान हलवली. म्हणाली की एवढ्यासाठी कोणी असं करतं का. मी तिला सगळं सांगितलं, बटण, साठ दिवस, माझं वाक्य. ती म्हणाली, तू माझी समजूत काढतोयस. शनिवारी पुन्हा तेच विचारलं, काल पुन्हा. डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी दोन-तीन चाचण्या केल्या, आजची तारीख विचारली, घड्याळ काढायला सांगितलं. सुरुवात आहे म्हणाले. बाकीचं तिला अजून नीट आठवतं. पण ते खोटं, जे तिनं माझ्यासाठी सांगितलं, तेवढं तिच्यापाशी खरं होऊन बसलं आहे, आणि त्याचा त्रास तिला होतो आहे. म्हणजे खरं काय घडलं ते ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो. मी वाचकांना सांगत असतो की जी गोष्ट एकाच ठिकाणी ठेवली आहे ती ठेवलेलीच नाही असं समजा. म्हणून हे तुझ्याकडे पाठवतो आहे. आईनं टकळीचा आवाज पुसला नाही. तिनं तो जपला, जसं तू सांगितलं होतंस तसा. घालवला मी. माझ्यावर चीड, कितीही. मला नाही आलीस भेटायला तरी चालेल. पण तिनं पुन्हा विचारलं की मी का पुसला, तर तिला 'तू नाही पुसलास' असं सांगणारं माझ्याखेरीज आणखी कोणी हवं. माझं ती ऐकत नाही.

तुझाच, अजून मानत असलीस तर,
धाकटा

सकाळचे नऊ. हे पत्र आईला वाचून दाखवलं. डॉक्टरांचा भाग गाळणार होतो, गाळला नाही. ती शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, परत वाच. परत वाचलं. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे, ते तू ओळखलं असशीलच. तुझ्या घराचा नंबर तिनं मला विचारला नाही.